वर्गात तंत्रज्ञान वापरण्यासाठी शिक्षकांना मिळणारं अनुदान: अर्जात नक्की मागायचं काय?

विज्ञानबाई

नमस्कार सगळ्यांना. मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात तंत्रज्ञान वापरावं म्हणून एक फाउंडेशन शिक्षकांना अनुदान देतंय, शाळेने नाही तर शिक्षकानेच अर्ज करायचा आणि मुख्याध्यापकांचं संमतीपत्र जोडायचं असं आहे. रक्कम फार मोठी नाही, पण एका वर्गापुरतं काहीतरी नीट उभं राहील इतकी आहे. फॉर्म उघडून बसलेय आणि पहिल्याच प्रश्नाला अडलेय, "आपल्या नावीन्यपूर्ण उपक्रमाची माहिती द्या". पुढे मग किती विद्यार्थ्यांना लाभ, परिणाम कसा मोजणार, अनुदान संपल्यावर उपक्रम कसा चालू ठेवणार वगैरे.

स्टाफरूममध्ये विचारलं तर प्रत्येकाचं वेगळं. मुख्याध्यापक म्हणतात टॅब मागा, दुसरे एक सर म्हणतात स्मार्टबोर्ड घ्या कारण तो सगळ्या विषयांना चालेल. माझी खरी अडचण वेगळीच आहे. आठवीला विद्युत परिपथ शिकवते तेव्हा मुलं व्याख्या पाठ म्हणतात, आकृती काढतात, पण एकापुढे एक असे दोन सारखे बल्ब जोडले तर कुठला जास्त प्रकाश देईल विचारलं की बहुतेक वर्ग म्हणतो पहिला, कारण "पहिल्यात करंट खर्च होतो, दुसऱ्याला उरलेला मिळतो". दरवर्षी हेच. वर्ग मोठा आहे, प्रयोगाचं साहित्य थोडं, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात सर्किट जात नाही आणि कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते मला पेपर तपासतानाच कळतं, तेव्हा धडा संपलेला असतो.

तर ही अडचण अर्जात लिहिण्यासारखी आहे का, का फारच छोटी वाटेल? आणि असं अनुदान ज्यांना मिळालंय त्यांनी प्लीज सांगा की वस्तू आल्यावर पुढे त्यांचं काय झालं, कारण कपाटात पडून राहणारं सामान मला नकोय.

अर्जवाचक

ताई, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही जे लिहिलंय ना, अर्ज तिथूनच सुरू करा. मी अशा अनुदानांच्या निवड समितीवर काम केलंय म्हणून सांगतो, बहुतेक अर्जांची सुरुवात वस्तूच्या नावाने होते, "आम्हाला इतके टॅब हवे आहेत जेणेकरून विद्यार्थी एकविसाव्या शतकासाठी सज्ज होतील", आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की त्या टॅबवर मंगळवारच्या तिसऱ्या तासाला नक्की होणार काय आहे. तुमच्याकडे एक इयत्ता आहे, एक धडा आहे, मुलांची एक ठरावीक चुकीची समजूत आहे, आणि ती तपासता येईल असा प्रश्नसुद्धा तुम्ही स्वतःच लिहून दिलाय. दोन सारखे बल्ब एकसरीत जोडले तर दोन्ही सारखेच प्रकाशणार, हे मुलांना उमजलं की नाही ते पाच मिनिटांत बघता येतं. समितीला असं हातात धरता येण्यासारखं काहीतरी हवं असतं. छोटी अडचण म्हणून अजिबात बिचकू नका.

आता साधन कुठलं. फेट म्हणून सिम्युलेशनं आहेत, म्हणजे कॉम्प्युटरवर करून बघायचे प्रयोग, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. सगळं फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, उतरवून ठेवलं तर नेटशिवायही चालतं, कितीतरी भाषांत आहे, मराठीतही बरंच सापडेल. त्यातलं सर्किट बनवायचं सिम्युलेशन तुमच्याच धड्यासाठी केल्यासारखं आहे. वायर, बॅटरी, बल्ब ओढून जोडायचे, आत कण सरकताना दिसतात, आणि बल्बच्या आधी एक आणि नंतर एक असा अ‍ॅमीटर (करंट मोजणारं यंत्र) लावला की दोन्हीकडे आकडा तोच. "करंट खर्च होतो" म्हणणाऱ्या मुलाला हे स्वतः करून बघू द्या, पण आधी त्याच्याकडून अंदाज लिहून घ्या, नाहीतर तो नुसतं बघतो आणि "हो मला माहीतच होतं" म्हणून मोकळा होतो.

२००५ मध्ये त्याच विद्यापीठातल्या अभ्यासात असं आढळलं होतं की सिम्युलेशनवर शिकलेले विद्यार्थी नंतर खरं सर्किट जोडण्यातही आणि ते समजावून सांगण्यातही खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा पुढे होते. ते कॉलेजचे विद्यार्थी होते हे लक्षात ठेवा, आठवीच्या मुलांसाठी मी तरी खऱ्या बल्ब-बॅटरीची काही किट त्याच बजेटमध्ये धरीन आणि दोन्ही शेजारी शेजारी वापरीन. अर्जात "तंत्रज्ञान" लिहिलंय म्हणून तांब्याची वायर मागायची नाही असं काही नसतं, नियम एकदा वाचून घ्या, बऱ्याच ठिकाणी पूरक साहित्य चालतं.

शून्यातूनगणित

वर अर्जवाचक सरांनी म्हटलंय त्याला जोडून, "टॅब मागा" म्हणणाऱ्यांना दाखवायला थोडा पुरावा देतो.

पेरूमध्ये मुलामागे एक लॅपटॉप या योजनेत सरकारने खेड्यापाड्यातल्या शाळांना लॅपटॉप वाटले होते. त्याची रीतसर तपासणी झाली, ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळा घेऊन, काहींना लॅपटॉप मिळालेले आणि काहींना नाही, आणि २०१२ ला निकाल आला की गणित आणि भाषेच्या चाचणीत काही फरक नाही. म्हणजे एका मुलामागे ०.१२ कॉम्प्युटर होते ते १.१८ झाले, मुलं ते वापरतही होती, कोडी सोडवण्याच्या क्षमतेत थोडी वाढसुद्धा दिसली, पण वर्गात जे शिकवायचं होतं ते होतं तिथेच राहिलं. कारण बघायला गेलं तर शिक्षकाच्या रोजच्या तासात त्या यंत्राला जागा कुठे आहे हे कुणी ठरवूनच दिलं नव्हतं.

याच्या उलट दिल्लीतला माइंडस्पार्क या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रयोग बघा. शाळा सुटल्यावर केंद्रात दीड तास, त्यातला अर्धा वेळ सॉफ्टवेअर आणि अर्धा वेळ छोट्या गटात माणूस शिकवणार. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन (मुलांचे गुण किती विखुरलेले आहेत त्याचं माप) इतकी जास्त प्रगती झाली, शिक्षणातल्या प्रयोगांत हा आकडा मोठा समजतात, २०१९ ला तो अभ्यास अर्थशास्त्राच्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलाय. तिथे सॉफ्टवेअर प्रत्येक मूल खरंच कुठल्या इयत्तेच्या पातळीवर आहे ते आधी शोधायचं आणि तिथून पुढे न्यायचं, सातवीतलं मूल चौथीच्या गणितावर अडलं असेल तर चौथीचं गणित. वर्गभर मुलं असताना एकट्या शिक्षकाला जे जमत नाही ते काम मशीनला दिलं म्हणून फरक पडला असं माझं मत. हा शाळेनंतरचा प्रयोग होता, तासाच्या आत तसंच होईल असं नाही, पण विचार कसा करायचा ते त्यातून नक्की कळतं.

म्हणून विज्ञानबाई, प्रश्न असा विचारा की मला एकटीला काय जमत नाहीये. तुम्हीच लिहिलंय, कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते वेळेवर कळत नाही. मग त्यासाठी प्रत्येकाला टॅब कशाला? प्लिकर्स नावाचा प्रकार बघा, प्रत्येक मुलाच्या हातात एक छापील कार्ड, कार्डाची वेगळी बाजू वर धरली की वेगळं उत्तर, आणि तुम्ही फक्त तुमच्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. अर्ध्या मिनिटात समजतं कोण काय म्हणतंय, आणि कार्डावरची अक्षरं बारीक असल्याने शेजारचं बघून उत्तर देणंही अवघड. याला जोडून हार्वर्डचे एरिक मझूर १९९१ पासून जी पद्धत वापरतायत ती करा, प्रश्न द्या, मत घ्या, बरोबर उत्तर न सांगता शेजाऱ्याशी वाद घालायला लावा, परत मत घ्या. तुमचा दोन बल्बचा प्रश्न त्याला एकदम फिट आहे. वर्गात जो कलकलाट होईल तो बंद करू नका, मुलं एकमेकांना समजावत असतात तेव्हाच खरं काम होतं.

जुनाखडू

मी जरा वेगळं मांडतो. मंडळी सगळी म्हणतायत आधी अडचण ठरवा मग साधन मागा, तत्त्व म्हणून पटतं. पण ज्या शिक्षकाने कधी सिम्युलेशन हाताळलंच नाही त्याला हे कळणार कसं की आपली अडचण याने सुटते? अनुदानाचा एक उपयोग हाही असतो की माणसाला चाचपडायची मुभा मिळते. "निकाल काय दाखवणार" हे पहिल्या दिवशीच विचारलं की शिक्षक ठरलेल्या वाटेचंच काहीतरी लिहितो, जे तो अनुदानाशिवायही करत होता. अनुदान देणाऱ्यांनी पहिले काही महिने शोधायला द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

आणि वस्तूपेक्षा वेळ मागा. सिम्युलेशनचा एक तास नीट घ्यायचा तर आधी स्वतः त्यात खेळावं लागतं, प्रश्न तयार करावे लागतात, मुलं कुठे भरकटतील ते बघावं लागतं, आणि हे सगळं पेपर तपासणी, ऑनलाइन माहिती भरणं आणि इतर ड्यूट्या सांभाळून. अर्जात बदली शिक्षकाच्या मानधनाची तरतूद चालते का ते विचारा. बरेच देणारे मानधन नको म्हणतात, पण काही चालवून घेतात, फोन करून विचारायला काही जात नाही. ते नाहीच जमलं तर मुख्याध्यापकांच्या संमतीपत्रात लिहून घ्या की आठवड्यातला एक ऑफ तास या उपक्रमासाठी राखीव, त्यात प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा तास, लावणार नाही. लेखी घ्या. तोंडी कबूल केलेला ऑफ तास दुसऱ्या आठवड्यात जातो.

प्रशिक्षणाचंही तसंच. विक्रेत्याचा माणूस येतो, एक दिवस बटणं दाखवतो, सगळ्यांचा फोटो काढतो आणि जातो. त्याला प्रशिक्षण म्हणून बजेटमध्ये धरू नका. दुसऱ्या एखाद्या शिक्षकाबरोबर जोडीने अर्ज करा, एकमेकांचे तास बघा, तासानंतर बसून बोला. दोघांत एखादी वस्तू बिघडली, एखादा तास फसला तरी उपक्रम बंद पडत नाही, एकट्याचा पडतो.

वायरमनसर

मी शाळेतली कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. कपाटात सामान का पडतं ते विचारलंय तर माझ्या बाजूने सांगतो, कारणं फार साधी असतात.

चार्जिंग. टॅब आले पण एकदम चार्ज करायला सोय नाही, मग कुणीतरी ते सगळे तासाआधी जोडायचे, कोण जोडणार हे ठरलेलं नाही, तासाला निम्मे बंद. चार्जिंगची ट्रॉली किंवा निदान चांगले एक्स्टेंशन बोर्ड आणि जबाबदारीचं नाव हे अर्जातच पाहिजे. सुट्टीत ठेवताना बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवा, पूर्ण रिकामी ठेवली तर सुट्टीनंतर काही टॅब चालूच होत नाहीत. पासवर्ड. ज्याने सेटअप केला त्याची बदली झाली आणि अकाउंट त्याच्या खाजगी ईमेलवर, संपलं. शाळेच्या नावाचा ईमेल करा. लायसन्स. अनुदानात एक वर्षाचं सबस्क्रिप्शन येतं, पुढच्या वर्षी पैसे कोण भरणार याचं उत्तर नसतं, मुलांनी केलेलं कामसुद्धा त्याच्या आत अडकून बसतं. म्हणून जिथे मोफत किंवा मुक्त सॉफ्टवेअरने भागतं तिथे तेच घ्या, फेट आहे, गणिताला जिओजेब्रा आहे.

आणि कुणी जुने कॉम्प्युटर भेट देतो म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ऑफिसं जुनी मशीन मोठ्या प्रमाणावर बाहेर काढतायत, त्यातली बरीच विंडोज ११ घेत नाहीत. विंडोजच्या जागी हलकं लिनक्स टाकून ती ब्राउझरपुरती छान चालतात, मी स्वतः चालवतो, पण ते टाकणारा आणि सांभाळणारा माणूस शाळेत असेल तरच.

नेट कच्चं असेल तर कोलिब्री हे शिक्षणाचं सॉफ्टवेअर बघा. एका मशीनवर, अगदी रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवरसुद्धा, सगळं उतरवून ठेवायचं आणि वर्गातली बाकी साधनं वायफायवरून त्यालाच जोडायची, बाहेरचं इंटरनेट लागतच नाही. अनुदानात एक राउटर मागून घ्या, कुणाच्या तरी फोनच्या हॉटस्पॉटवर पूर्ण वर्ग चालत नाही.

बजेटचा माझा हिशोब असा की मूळ साधनांवर निम्म्याच्या आसपास, बाकीच्यात चार्जर, केबल, केस, दुरुस्ती, राउटर आणि प्रशिक्षण. अमेरिकेत नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्याखाली जिल्ह्यांना तंत्रज्ञानासाठी निधी मिळायचा त्यात निदान २५ टक्के रक्कम शिक्षकांच्या प्रशिक्षणावर घालवायची अटच होती. देणाऱ्याने अट घातली नसली तरी आपण घालून घ्यावी.

पालकही_शिक्षकही

एक मुद्दा कुणी काढला नाही. मुलांची माहिती. प्लिकर्स असो की दुसरं काही, त्यात मुलांची नावं भरता तेव्हा ती कुठेतरी बाहेरच्या सर्व्हरवर जातात. पूर्ण नावाऐवजी हजेरी क्रमांक टाका, काम तितकंच होतं. आठवीतली काही मुलं तेराची नसतात आणि बऱ्याच अ‍ॅप्सच्या अटीत तेरा वर्षं लिहिलेली असतात, म्हणून मुलांना स्वतःची अकाउंट काढायला लावू नका. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात दिलंय की शिक्षणातल्या माहितीच्या गोपनीयतेची कायद्याने स्पष्ट हमी देणारे देश फक्त १६ टक्के आहेत, म्हणजे बहुतेक ठिकाणी ही काळजी शिक्षकालाच घ्यावी लागते. अनुदान देणारे अहवालात फोटो मागतात, त्याची पालकांची लेखी परवानगी सुरुवातीलाच घ्या, किंवा मुलांच्या वह्यांचे आणि हातांचे फोटो द्या, चेहरा कशाला पाहिजे.

विज्ञानबाई

बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं वाचून आता असं ठरवतेय: प्रत्येकाला टॅब नाही. गटात एक असे थोडे लॅपटॉप, त्यावर फेट आधीच उतरवून ठेवलेलं, खऱ्या बल्ब-बॅटरीची किट, छापील कार्डं, एक राउटर, चार्जिंगची सोय. गणिताच्या मॅडम जोडीने यायला तयार आहेत, त्या जिओजेब्रासाठी तेच लॅपटॉप वापरतील. मुख्याध्यापकांना पेरूचं उदाहरण वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले लिहा तुमच्या पद्धतीने. ऑफ तासाचंही संमतीपत्रात टाकतो म्हणाले!

दोन गोष्टी राहिल्यात. एक, परिणाम कसा मोजणार याचं उत्तर मला अजून जमत नाहीये. दोन, समजा मोजलं आणि फरकच दिसला नाही, तर अहवालात काय लिहायचं? पुढच्या वेळी अनुदान मिळणार नाही याची भीती वाटते.

अर्जवाचक

मोजायला वार्षिक परीक्षेचे मार्क वापरू नका, त्यात शंभर गोष्टी मिसळलेल्या असतात. परिपथाच्या समजुतीवरचे मोजके प्रश्न काढा, दोन बल्बचा त्यात हवाच, शिवाय एक बल्ब काढला तर दुसऱ्याचं काय होईल, एकसरीतही आणि समांतरमध्येही, बॅटरी उलटी लावली तर, असे. प्रत्येक प्रश्नाला "का वाटतं" अशी एक ओळ मुलांकडून लिहून घ्या. धड्याआधी एकदा, धडा झाल्यावर एकदा, आणि मुद्दाम काही आठवडे जाऊ देऊन परत एकदा, कारण लगेच घेतलेल्या चाचणीत सगळं चांगलंच दिसतं. दुसरी तुकडी असेल तर तिला हा धडा नेहमीच्या पद्धतीने शिकवून तेच प्रश्न द्या आणि नंतर तिलाही लॅपटॉपवर न्या म्हणजे कुणावर अन्याय नको. तुकड्या हुशारीप्रमाणे लावलेल्या असतील तर ते अहवालात सांगा, तुलना तितकीच कच्ची असते.

फरक दिसला नाही तर तसंच लिहा. खरंच. समितीत आम्ही "सर्व विद्यार्थ्यांना प्रचंड लाभ झाला" असले अहवाल ढिगाने वाचलेत आणि त्यातून पुढच्या शिक्षकाला द्यायला काहीच हाती लागत नाही. मुलांनी लिहिलेल्या "का वाटतं" च्या ओळी जोडा, कुठली समजूत हलली आणि कुठली हट्टाने तशीच राहिली ते दाखवा, पुढच्या वर्षी काय बदलणार ते लिहा. माझ्यासमोर असा अहवाल आला तर मी त्या शिक्षकाला परत द्या म्हणून भांडीन, आणि समितीत असे आणखीही असतात.

वायरमनसर

लॅपटॉपचं कोटेशन आत्ताच मागवायला घ्या, वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्ती शाळेत येऊन करणार का हे त्यात लिहून द्या म्हणावं. अर्ज एका बैठकीत लिहून होतो, कोटेशनसाठीच दिवस जातात.

विज्ञानबाई

उद्याच फोन करते सर. आणि प्रश्नांचा कच्चा मसुदा तयार झाला की इथेच टाकते, कुठला प्रश्न संदिग्ध वाटला तर बिनधास्त सांगा.